बाथरूमचा वास फिनाइलने का जात नाही: ड्रेनेजच्या पाइपला हवा हवी

बाथरूममध्ये वास यायला लागला की आपल्याकडे आधी फिनाइलची बाटली निघते. मग डांबरगोळ्या येतात, मग जाळीवर पाण्याने भरलेली पिशवी ठेवली जाते. तरी भागलं नाही की चेंबर उपसलं जातं. आठ-दहा दिवस बरे जातात आणि वास परत येतो. येणारच, कारण असा परत परत येणारा वास सहसा घाणीमुळे येतच नसतो. तो पाइपातली हवा घरात शिरल्यामुळे येतो. त्या हवेला अडवणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या किंवा जाळीखालच्या वळणात, उभं असलेलं 50 मिलिमीटर पाणी. ते जागेवर असेल तर खालचं चेंबर कितीही गलिच्छ असो, घरात काही कळत नाही. म्हणून वास आला की पहिला प्रश्न विचारायचा: ट्रॅपमधलं पाणी गेलं कुठे?

बहुतेक घरांत ते ओढून नेलेलं असतं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की सहा ते दहा लिटर पाणी एकदम उभ्या पाइपातून खाली सुटतं आणि जाताना आपल्यासोबत हवाही खेचत नेतं. त्या हवेची भरपाई वरून झाली नाही तर पाइप ती मिळेल तिथून घेतो. सर्वात सोपी वाट असते जवळच्या ट्रॅपची, आणि हवेबरोबर त्यातलं पाणीही जातं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटगट करत अडखळत पडतं आणि दुसरं भोक पाडलं की सुरळीत वाहतं. इथेही तोच हिशोब आहे. पाइपाचं वरचं तोंड हे ते दुसरं भोक. टेरेसवर निघणारा व्हेंट पाइप वास बाहेर सोडण्यासाठी असतो असा समज आहे. तेही काम तो करतो, पण त्याचं मुख्य काम पाइपाला हवा पुरवून ट्रॅपचं पाणी वाचवण्याचं आहे.

पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा 25 मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका कमी-जास्त झाला तर 50 मिलिमीटरचा ट्रॅप तग धरतो. त्यापलीकडे धोका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जमिनीतला ट्रॅप) आणि जाळीखाली वाटी उपडी ठेवलेल्या प्रकारात सील, म्हणजे हवा अडवणाऱ्या पाण्याची खोली, जेमतेम 20-25 मिलिमीटर असतं. एका दणक्यात ते रिकामं होतं. दुकानात जाळीच्या डिझाइनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा ट्रॅपमध्ये पाणी ओतून पट्टीने खोली मोजलेली बरी.

दाबाचा दुसरा प्रकार उलटा आहे आणि तो तळमजल्यावर दिसतो. उभ्या पाइपातून आलेलं पाणी खालच्या बेंडवर आदळून आडवं होतं, तिथे क्षणभर पाइप पूर्ण भरतो आणि पुढची हवा कोंडते. वर फ्लश झाला की तळमजल्याच्या संडासात बुडबुडे येतात किंवा पाणी उसळतं ते याचमुळे. यावर वरचा व्हेंट कितीही उंच केला तरी फरक पडत नाही. तळमजल्याचा संडास उभ्या पाइपात न जोडता स्वतंत्र लाइनने थेट चेंबरमध्ये नेणं हाच पक्का उपाय. उभ्या पाइपाच्या तळाशी नव्वद अंशांचा एक बेंड न घालता पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड घालावेत. सर्वात खालची जोडणी त्या बेंडपासून किमान 450 मिलिमीटर, म्हणजे दीड फूट वर ठेवावी.

नागपुरात मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर अशा भागांत घर एकदम उभं राहत नाही. आधी तळमजला, मग पाच-सात वर्षांनी वरचा मजला, मग मुलाचं लग्न ठरलं की आणखी दोन खोल्या. त्यामुळे मागच्या भिंतीवरचे पाइप सगळ्यात वरच्या जोडणीच्या थोडं वर आणून एंड कॅप लावून बंद केलेले असतात. ‘पुढे वाढवायचे आहेत ना’ म्हणून. तो मजला चढेपर्यंत सगळं घर बंद तोंडाच्या पाइपावर चालतं. कॅप घट्ट असेल तर वास, सैल असेल तर भिंतीवर ओघळ. वास्तविक कॅपऐवजी त्याच दिवशी पाइप वर नेऊन काउल (तोंडावरची हवा जाऊ देणारी टोपी) बसवता येतो. मजला चढवायच्या वेळी तो काढून पाइप वाढवायला तासभर लागतो.

हे काम आता करायचं असेल तर सामान फार नाही. पहिल्या मजल्यावर संडास असलेल्या साध्या घराचा हिशोब बघा. कॅप त्या मजल्याच्या जमिनीपासून फूटभर वर आहे, मजल्याची उंची 3 मीटर, पॅरापिट म्हणजे टेरेसचा कठडा 0.9 मीटर, आणि पाइप पॅरापिटच्याही वर 1.5 मीटर जायला हवा. बेरीज 5.1 मीटर. म्हणजे 3 मीटरचे दोन 110 मिलिमीटर एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचे) पाइप, एक काउल, भिंतीला चार आणि पॅरापिटला एक असे पाच क्लॅम्प, रबर रिंगा आणि थोडं साबणाचं पाणी. दुकानात याला चार इंची म्हणतात, 75 मिलिमीटरच्या पाइपाला अडीच इंची.

पाइप घेताना टाइप बघा. आयएस 13592 या भारतीय मानकाप्रमाणे टाइप ए व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, टाइप बी मैला आणि सांडपाण्यासाठी. 110 मिलिमीटरमध्ये ए ची जाडी कमीत कमी 2.2 मिलिमीटर, बी ची 3.2. नियमाने वरच्या भागाला ए चालतो. तरी आपल्याकडे बी च घ्यावा. मे महिन्यातलं ऊन, एप्रिलपासूनची वादळं आणि शहराच्या कडेला वानरांची ये-जा, यात बारीक भिंतीचा मोकळा उभा पाइप किती टिकणार! दुकानदार ‘तोच माल आहे भाऊ’ म्हणून ए देतो. पाइपावरचा छापा स्वतः वाचायचा.

काम सुरू करण्याआधी घरात सांगून ठेवा की कोणी फ्लश करू नये. रिंग फिट कॅप ओढून निघते, सोल्युशनने चिकटवलेली असेल तर तिच्या खाली आरीने सरळ कापावं लागतं आणि मग जोडायला कपलर आणावा लागतो. कापलेल्या टोकाला कानशीने 15 अंशाचा उतार द्या. नाहीतर ते टोक आत जाताना रिंग सॉकेटच्या (पाइपाच्या रुंद तोंडाच्या) खाचेतून निसटते आणि ते बाहेरून दिसतही नाही. रिंगेला साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पुढे सडतं. सॉकेटचं तोंड नेहमी वरच्या बाजूला.

पाइप सॉकेटमध्ये तळापर्यंत टेकला की पेन्सिलने खूण करा आणि मग 10 मिलिमीटर मागे ओढा. हे दहा मिलिमीटर बहुतेक मिस्त्री सोडत नाहीत. पीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला साधारण 0.07 मिलिमीटर वाढतो. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांवर असलेला पश्चिमेकडच्या भिंतीवरचा पाइप मे महिन्यात उन्हात तापून 60 अंशांवर जातो. 50 अंशांच्या फरकाने 3 मीटरचा पाइप साडेदहा मिलिमीटर लांबतो. त्याला वाढायला जागा नसेल तर तो वाकतो, क्लॅम्प उपटतो नाहीतर जोड फाडतो. क्लॅम्प दर 1.5 मीटरला, आणि प्रत्येक पाइपाचा सॉकेटजवळचा एकच घट्ट आवळायचा. बाकीच्यांतून पाइप सरकला पाहिजे. सोल्युशनने जोडत असाल तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जोडा. दुपारी सोल्युशन ब्रशवरच वाळतं. दोन्ही बाजूंना लावून, पाव वळसा देत आत दाबून, अर्धा मिनिट धरून ठेवायचं.

शेवटी उघड्या भागाला बारीक पॉलिश पेपर मारून फिकट रंगाचा, पाण्यात कालवायचा एक्स्टिरिअर पेंट द्या. उन्हाने पीव्हीसी आधी पांढुरका पडतो, मग ठिसूळ होतो.

वर नेताना पाइप बारीक करायचा नाही. 110 चा पाइप छतापर्यंत आणायचा आणि तिथून पुढे उरलेल्या दीड इंचीच्या तुकड्यावर भागवायचं, हे शहरभर दिसतं. जुन्या आयएस 1742 पासून सांगितलेलं आहे की पाणी न वाहणारा वरचा भागही खालच्यापेक्षा कमी व्यासाचा नको. आडवं वळण द्यावंच लागलं तर उतार उभ्या पाइपाकडे ठेवा. उलट उतार झाला तर त्या खोलगट भागात दव आणि पावसाचं पाणी साचतं, पाइपाचा गळा बंद होतो आणि वरून सगळं व्यवस्थित दिसत राहतं.

उंचीच्या बाबतीत आकडा 1.5 मीटरचा: पॅरापिट किंवा 3 मीटरच्या आतल्या खिडकीची वरची कड, यातलं जे उंच असेल त्याच्या वर इतका. पॅरापिट धरून टेरेसच्या जमिनीपासून हे साधारण आठ फूट होतं. उन्हाळ्यात अजूनही कितीतरी घरांत गादी टेरेसवर जाते, तेव्हा कमरेइतका ठेवलेला पाइप रात्री त्रास देतो. कूलरचंही बघा. टेरेसवर ठेवून डक्टने हवा खाली आणणाऱ्या कूलरच्या खसच्या ताटीसमोर व्हेंटचं तोंड आलं तर तो तीच हवा घरभर वाटतो. दोघांत 3 मीटर तरी अंतर हवं, आणि शेजारचं घर उंच असेल तर त्यांच्या खिडक्यांचा विचार वेगळा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र पावसाच्या पाण्याची. टेरेसचं पाणी उतरवायला वेगळा पाइप लागू नये म्हणून संडासाच्या पाइपाचं वरचं तोंडच जाळी लावून छताच्या उताराला जोडतात. हिवाळा-उन्हाळा काही बिघडत नाही. जुलैत जोराची सर आली की तो पाइप गच्च भरून वाहतो, हवेला वाट राहत नाही आणि घरातले सगळे ट्रॅप एकाच वेळी गुरगुरायला लागतात. जाळीवर पिंपळाची चार पानं बसली तर वर टेरेसचं तळं होतं ते वेगळंच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेसारखा पाऊस झाला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाल्याच्या कडेची गटारं वरपर्यंत भरली, तर चेंबरकडून पाणी मागे सरकतं आणि पाइपातली हवा वर ढकलली जाते. वर मोकळं तोंड असेल तर ती तिथून निघून जाते, नसेल तर आधी ट्रॅप बुडबुडतात आणि मग घाण. मागे येणारं पाणी व्हेंट थांबवत नाही. त्यासाठी खाली उलट न वाहू देणारा व्हॉल्व्ह लागतो.

आता जाळीचा तिढा. विदर्भात हत्तीरोग आहे, आणि तो पसरवणारा क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये वाढतो. म्हणून आरोग्य विभागाची माणसं दरवर्षी ‘व्हेंट पाइपला जाळी बांधा’ सांगत फिरतात, आणि ते बरोबरच आहे. पण तोंडावर ताणून बांधलेली बारीक नायलॉनची जाळी धूळ, कोळिष्टकं आणि भिंगोट्यांनी दोन-तीन महिन्यांत बंद होते. जाळी काउलवरून पिशवीसारखी सैल घालून खाली पाइपाला बांधायची, म्हणजे हवेला जागा जास्त मिळते. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत ती बदलायची. त्याच वेळी काउल काढून आत टॉर्च मारायचा. कबुतराची काटकी आणि गांधीलमाशांचं पोळं हे नेहमीचे भाडेकरू.

सेप्टिक टँक असेल तर त्याचा स्वतःचा व्हेंट कमीत कमी 50 मिलिमीटरचा हवा. टँक घरापासून 15 मीटरपेक्षा दूर असेल तर 2 मीटर उंची पुरते. जवळ असेल तर घराच्या माथ्याच्या 2 मीटर वर. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर टँक 15 मीटर दूर कुठून असणार? म्हणजे बहुतेकांना पाइप भिंतीला धरून वरच न्यावा लागतो. कंपाउंडच्या भिंतीलगत चार फूट उंच ठेवलेला पाइप स्वतःच्या नाही तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात वास पोहोचवतो. टँकचं झाकण उघडून आत डोकावू नका आणि काडी तर अजिबात पेटवू नका. आत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. दुसरा वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे ‘आता वास नाही’ याचा अर्थ सुरक्षित असा होत नाही. आत उतरून माणसं मरतात. टँक उपसायला गाडीच बोलवायची.

वेगळा व्हेंट पाइप कधी लागतो? तळमजला अधिक एक-दोन मजल्यांच्या घरात, संडास उभ्या पाइपाच्या 1.5 मीटरच्या आत असतील आणि पाइप वर पूर्ण उघडा असेल, तर लागत नाही. चार-पाच मजली इमारत असेल, किंवा एकाच मजल्यावर दोन-तीन संडास एका आडव्या लाइनवर असतील, तर शेजारून 75 मिलिमीटरचा समांतर पाइप चढवावा. तो खाली सर्वात तळच्या जोडणीच्या खालून उभ्या पाइपाला वायने (Y आकाराच्या जोडाने) जोडायचा, वर सर्वात वरच्या जोडणीच्या पलीकडे परत मिळवायचा किंवा स्वतंत्र टेरेसवर काढायचा. मजल्यामजल्यावर आडवी लाइन त्याला जोडताना ती जागा भांड्याच्या किंवा बेसिनच्या काठापेक्षा 150 मिलिमीटर वर ठेवायची. त्याखाली जोडलं तर तुंबल्यावर मैला व्हेंटमध्ये शिरतो, तिथे वाळतो, आणि पुन्हा कधी निघत नाही.

मधल्या बाथरूमला पाइप वर न्यायला शाफ्टच नसेल तर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो. पाइपात ओढ निर्माण झाली की तो उघडून हवा आत घेतो, एरवी बंद राहतो. त्याला मर्यादा आहेत. कोंडलेली हवा तो बाहेर सोडत नाही, त्यामुळे घराला निदान एक उघडा व्हेंट तरीही लागतोच. त्याची रबरी पट्टी धुळीने आणि उष्णतेने कडक होते. फॉल्स सीलिंगच्या आत गाडून टाकला तर बिघडल्याचं वासावरूनच कळणार. हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवता येत असेल तरच बसवा.

घराच्या आत हवेशी संबंधित तीन-चार गोष्टी चुकतात. बेसिनला बॉटल ट्रॅप आणि त्याचा पाइप पुढे नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याखाली बुडालेला, असं झालं की दोन सीलांमध्ये हवा कोंडते आणि बेसिन हळूहळू, गुळगुळ करत रिकामं होतं. तो पाइप ट्रॅपमध्ये पाण्याच्या पातळीच्या वर सोडायचा. बेसिनची 40 मिलिमीटरची लाइन 3 मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर भरून वाहताना ती स्वतःचाच ट्रॅप ओढून नेते. वॉशिंग मशीन पाणी पंपाने फेकतं, म्हणून त्याची नळी छोट्या भोकात कोंबून कापड गुंडाळू नका. 50 मिलिमीटरच्या उभ्या तुकड्यात सैल सोडा. आणि बाथरूमच्या सनकन (खाली दाबून घेतलेल्या) स्लॅबमध्ये झिरपलेलं पाणी काढायला जी छोटी नळी ठेवतात ती बिनट्रॅपची मैल्याच्या पाइपात जोडली, तर फरशीखालचा सगळा रोडा त्या वायूने भरतो. मग वास फरशीच्या सांध्यांतून येतो आणि कुठलाच ट्रॅप दोषी सापडत नाही. ती नळी बाहेर मोकळी सोडायची.

निदान घरच्या घरी करता येतं. नहाणी ट्रॅपची जाळी काढा, पट्टी बुडवून पाणी मोजा. मग एकाने वरच्या मजल्यावर फ्लश करत त्याच वेळी तिथल्याच न्हाणीत बादली ओतायची. असं तीनदा करून पुन्हा मोजा. 25 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरलं असेल तर पाइपाला हवा कमी पडते आहे. फ्लश न करताही रात्रभरात पाणी उतरत असेल तर आत केसांचा किंवा पोछ्याच्या दोऱ्याचा झुपका बघा. त्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कडेपलीकडे लोंबत असेल तर तो वातीसारखा सगळं पाणी शोषून नेतो. झुपका नसेल तर ट्रॅपलाच चीर असू शकते. एकाच भांड्यात गुळगुळ आणि बाकी सगळं ठीक, तर व्हेंटच्या मागे लागू नका, तिथलीच लाइन तुंबली आहे. वास फक्त एक्झॉस्ट फॅन लावल्यावर येतो? फॅन खोलीची हवा बाहेर ओढतो आणि दारं-खिडक्या बंद असतील तर ती भरपाई कोरड्या ट्रॅपमधून होते. कूलर याच्या उलट, तो हवा आत ढकलतो. म्हणून कूलरच्या दिवसांत दबलेला वास एसी लावला की जाणवू लागतो.

गळती नेमकी कुठे आहे ते कळत नसेल तर पेपरमिंटची चाचणी करा. टेरेसवरच्या व्हेंटमध्ये पेपरमिंट तेलाच्या बाटलीतलं 50-60 मिलिलिटर तेल आणि वरून दोन बादल्या गरम पाणी ओता, आणि तोंड ओल्या कापडाने बंद करा. ओतणाऱ्याने घरात यायचं नाही, त्याच्या हाताचाच वास पसरतो. दुसऱ्याने खाली एकेका बाथरूममध्ये नाक लावून हिंडायचं. काम झालं की कापड काढायला विसरू नका.

आणि पाहुण्यांचं बाथरूम. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा कोरडी ठाक असते, न वापरलेल्या ट्रॅपचं पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि त्याला पाइपाचा काहीही दोष नसतो. सुट्टीत घर बंद करून पोरांकडे पुण्याला निघताना प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वरून दोन चमचे लिक्विड पॅराफिन ओतून जायचं. ते मेडिकलमध्ये मिळतं, पाण्यावर तरंगतं, उडत नाही आणि खाण्याच्या तेलासारखं खवट होत नाही. बाल्कनीतल्या ट्रॅपला याची गरज पडत नाही, जर कूलरच्या टाकीचा ओव्हरफ्लो तिथेच सोडला असेल तर.